खाण-अवशिष्टांतील सुवर्णशोध

खाण-अवशिष्टांतील सुवर्णशोध : सोन्याच्या जुन्या खाणींच्या व धुलाईच्या जागी टाकाऊ म्हणून सोडून दिलेल्या दगड, माती, वाळू व गाळ यांच्या ढिगांतून उरलेले सोने धातुशोधकाच्या (जमिनीतील धातूचे अस्तित्व ध्वनीने कळविणाऱ्या विद्युत् उपकरणाच्या) साहाय्याने शोधून काढण्याची क्रिया. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १८५१ पासून साचत गेलेले असे ढीग १९७५ च्या सुमारास नव्या उपकरणांनी तपासले जाऊ लागले व तेथूनच हा छंद आणि काही अंशी व्यवसाय इतर देशांत परिचित झाला. ‘टाकाऊ’ हा शब्द येथे सापेक्ष अर्थाने घ्यावा लागतो. प्रत्येक काळातील साधनांना जे सोने पकडता आले नाही ते ढिगात गेले आणि पुढच्या काळातील साधनाने त्यातील काही भाग परत मिळविला. त्यामुळे अशा ढिगांचा इतिहास हा सुवर्णप्राप्तीच्या तंत्रांच्या मर्यादांचा इतिहास ठरतो. स्वतःविषयी काहीही लिहून न ठेवणाऱ्या हजारो कष्टकऱ्यांच्या श्रमाचा हाच एक भौतिक पुरावा असल्याने ढिगांतील सोन्याबरोबर त्यांच्या रक्षणाचा प्रश्नही निर्माण झाला आहे.

अवशिष्टांचे प्रकार व त्यांत सोने उरण्याची कारणे : जुन्या सुवर्णक्षेत्रांत तीन प्रकारचे ढीग आढळतात. पहिला प्रकार खाणीच्या विहिरीतून उपसून तिच्या तोंडाभोवती टाकलेल्या दगडमातीचा. ही माती बहुधा कधीच धुतलेली नसते. दुसरा प्रकार जलोढातील (नदीनाल्यांनी वाहून आणलेल्या गाळातील) सोने धुऊन घेतल्यावर उरलेल्या गोट्यांचा, रेतीचा व चिकणमातीचा. तिसरा प्रकार गारेच्या (क्वॉर्ट्झच्या) शिरांतील धातुक कुटून, त्यातील सोने काढून घेतल्यावर राहिलेल्या बारीक चूर्णाचा. काटेकोर अर्थाने दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांनाच अवशिष्ट म्हणतात परंतु धातुशोधकाने शोध घेणाऱ्यांच्या दृष्टीने पहिला प्रकारही तितकाच महत्त्वाचा असतो.

सोन्याचे वि. गु. सु. १९.३, तर गारेचे सु. २.६५ आहे. या मोठ्या फरकामुळे वाहत्या पाण्यात दगडमाती पुढे जाते व सोने तळाशी बसते. परात, पाळणा (हलविता येणारी लाकडी पेटी), लांब पन्हळ इ. सर्व जुनी साधने याच तत्त्वावर चालत. या साधनांत मध्यम आकाराचे कण चांगले अडकत परंतु दोन्ही टोकांचे सोने हातचे जाई. अतिसूक्ष्म, पापुद्र्यासारखे कण पाण्याबरोबर वाहून जात. याउलट, चाळणीच्या छिद्रांपेक्षा मोठे किंवा गार, लोहदगड वा घट्ट माती यांत लपेटलेले सुवर्णपिंड गोट्यांबरोबर बाहेर फेकले जात. पहिल्या टोकाचे सोने पुढे रसायनांनी मिळविले, तर दुसऱ्या टोकाचे धातुशोधकाने.

व्हिक्टोरियातील पहिली धुलाई : १ जुलै १८५१ रोजी व्हिक्टोरिया ही न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली. त्याच महिन्यात क्लून्स येथील सुवर्णशोधाची वार्ता पसरली ऑगस्टमध्ये बॅलरॅट येथे व वर्षअखेरीस बेंडिगो येथे समृद्ध क्षेत्रे आढळली. वसाहतीची लोकसंख्या १८५१ मध्ये सु. ७७,००० होती, ती १८६१ मध्ये सु. ५,४०,००० झाली. सोन्याचे उत्पादन १८५६ मध्ये सु. ९५ टनांवर पोहोचले व तेच व्हिक्टोरियाचे सर्वाधिक वार्षिक उत्पादन ठरले. या भूमीतून आजवर मिळालेले एकूण सोने सु. २,४०० टन भरते.

धुलाईतील हलगर्जीपणामागे आर्थिक कारण होते. खाणकामगाराला सोने मिळो वा न मिळो, दरमहा ३० शिलिंग परवाना शुल्क भरावे लागे. आरंभीच्या काळात एका माणसाला सु. २.४ मी. लांब व तेवढाच रुंद एवढाच जमिनीचा तुकडा मिळे. अशा अरुंद जागेत विहीर खणून तळच्या खडकापर्यंत किंवा पांढऱ्या चिकणमातीच्या थरापर्यंत पोहोचणे, त्या थरालगतची सुवर्णयुक्त रेती काढून धुणे व लगेच दुसरी जागा गाठणे अशी घाई असे. वरच्या थरांतील माती न तपासताच विहिरीच्या तोंडाशी टाकली जाई. त्या थरांत एखादा सुवर्णपिंड असला, तर तो खणणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ढिगात जाई. मोलिआगुल येथे ५ फेब्रुवारी १८६९ रोजी सापडलेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा जगप्रसिद्ध पिंड जमिनीखाली काही सेंमी. अंतरावरच होता व त्यातून ७० किग्रॅ. हून अधिक शुद्ध सोने निघाले. यावरून खोलवरच्या रेतीतच सोने असते, ही समजूत किती अपुरी होती ते दिसून येते. परवाना शुल्काविरुद्धचा असंतोष बॅलरॅटजवळील युरेका येथे ३ डिसेंबर १८५४ रोजी सशस्त्र संघर्षात परिणत झाला. त्यानंतर १८५५ मध्ये मासिक परवाना रद्द होऊन वर्षाला एक पौंड शुल्काचा ‘खनिक-अधिकार’ (माइनर्स राइट) सुरू झाला. याच नावाचा परवाना आजच्या धातुशोधकधारकालाही घ्यावा लागतो.

चिकणमाती चिवट असे तेथे परात व पाळणा निरुपयोगी ठरत. त्यामुळे १८५४ च्या सुमारास बेंडिगो भागात मातीचा राडा करणारे घोड्याचे चरक प्रचारात आले. जमिनीत वर्तुळाकार चर खणून तो लाकडी फळ्यांनी किंवा झाडाच्या सालींनी बांधून घेत. चरात माती व पाणी घालून मधल्या खांबाला जोडलेल्या आडव्या दांड्याने घोडा दाताळी ओढत फिरे. माती विरघळून गढूळ पाणी सोडून दिले, की तळाशी जड रेती राही व ती पाळण्यात धुतली जाई. न विरघळलेले गोटे व ढेकळे मात्र काट्याने उचलून कडेला टाकली जात. गारेत जखडलेले सोने त्यांच्याबरोबर गेले तरी कळण्याचा मार्ग नसे. या वर्तुळाकार चरांचे अवशेष व त्यांच्या कडेचे गोट्यांचे ढीग आजही मध्य व्हिक्टोरियाच्या रानांत दिसतात.

चिनी खाणकामगार व फेरधुलाई : टाकलेल्या ढिगांचे मोल पद्धतशीरपणे ओळखणाऱ्यांत चिनी खाणकामगार अग्रभागी होते. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातून आलेले हे लोक गट करून राहत व काम करत. यूरोपीय खाणकामगारांनी सोडून दिलेली जमीन आणि धुतलेली माती ते पुन्हा बारकाईने धूत. त्यासाठी लांबून पाट काढून पाणी आणत. एका माणसाला परवडणार नाही इतके अल्प उत्पन्न सामुदायिक श्रम व काटकसर यांमुळे गटाला परवडे.

चिनी स्थलांतर रोखण्यासाठी व्हिक्टोरियाने १८५५ मध्ये कायदा करून जहाजातून येणाऱ्या प्रत्येक चिनी उतारूवर १० पौंड कर बसविला आणि जहाजाच्या टनभारानुसार उतारूंची संख्याही मर्यादित केली. हा कर टाळण्यासाठी हजारो चिनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब या बंदरात उतरून शेकडो किमी. पायी चालत सुवर्णक्षेत्रांत पोहोचले. अशाच वाटेवरील एका गटाला १८५७ मध्ये अॅरारॅट येथील समृद्ध निक्षेपाचा शोध लागला. पाणी गढूळ करतात व वाया घालवतात, अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध वारंवार केली जाई. जुलै १८५७ मध्ये बकलंड नदीच्या खोऱ्यात जमावाने त्यांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना हुसकावून लावले तर न्यू साउथ वेल्समधील लॅम्बिंग फ्लॅट येथे १८६०-६१ मध्ये अशाच दंगली झाल्या. १८६१ च्या जनगणनेत व्हिक्टोरियातील चिन्यांची संख्या सु. २५,००० होती. इतरांनी टाकलेल्या मातीवर पोट भरणाऱ्यांनाही ती माती निर्वेधपणे मिळाली नाही, असा या प्रकरणाचा निष्कर्ष निघतो. चिनी गटांची पत्रे, हिशेब व रोजनिशा फारच थोड्या उपलब्ध आहेत. त्यांनी रचलेले गोट्यांचे बांध, काढलेले पाट आणि पुन्हा धुतलेल्या मातीचे ढीग हीच त्यांच्या कामाची मुख्य साधनसामग्री इतिहासकाराच्या हाती उरते.

मुसळयंत्रे, पारा व सायनाइड : उथळ निक्षेप संपत आल्यावर गारेच्या शिरांवर काम सुरू झाले. धातुक पोलादी मुसळांच्या यंत्राने कुटून ते पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत. सोने पाऱ्यात मिसळून पत्र्यावर राही व तापवून पारा उडविला, की सोने हाती येई. या रीतीने मोकळे सोने मिळत असले, तरी गंधकयुक्त खनिजांत अडकलेले सूक्ष्म सोने चूर्णाबरोबर बाहेर जाई. पाऱ्याचाही काही अंश त्यात मिसळे.

ग्लासगो येथील जॉन स्ट्यूअर्ट मॅकार्थर आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट या बंधूंनी १८८७ मध्ये सायनाइड विधीचे एकस्व (पेटंट) घेतले. सायनाइडाच्या अतिविरल विद्रावात हवेतील ऑक्सिजनाच्या साहाय्याने सोने विरघळते व जस्ताच्या योगाने ते पुन्हा वेगळे करता येते. न्यूझीलंडमधील कारांगाहाके येथे १८८९ मध्ये या विधीचा औद्योगिक वापर सुरू झाला आणि लवकरच दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड क्षेत्रात तो पसरला. व्हिक्टोरियातही मुसळयंत्रांच्या परिसरातील वाळूचे जुने ढीग टाक्यांत भरून त्यांवर सायनाइडाची क्रिया करण्यात आली. अशा प्रकारे सूक्ष्म सोन्याचा बराच भाग परत मिळाला. मोठ्या पिंडांवर सायनाइडाची क्रिया फार मंद होते शिवाय गोट्यांचे ढीग कुटून टाक्यांत घालणे परवडत नसे. त्यामुळे त्यांतील सोने तसेच राहिले.

धुलाईच्या गाळाचा उपद्रव याच काळात उग्र झाला. चरकांतून व मुसळयंत्रांतून सोडलेला गाळ ओढ्यांतून खालच्या शेतांवर पसरे, पिण्याचे पाणी दूषित करी व नद्यांची पात्रे भरून काढी. शेतकऱ्यांच्या दीर्घकालीन तक्रारींनंतर १९०५ मध्ये व्हिक्टोरियात गाळ-निवारण मंडळ स्थापन झाले.

धातुशोधकाचा विकास : विद्युत् प्रवर्तनाने धातू ओळखण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. डेव्हिड एडवर्ड ह्यूझ यांनी १८७९ मध्ये प्रवर्तन तुला तयार केली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी तशाच उपकरणाचा वापर केला परंतु त्यात यश आले नाही. गेरहार्ड फिशर (फिशार) यांना १९३७ मध्ये अमेरिकेत सुवाह्य धातुशोधकाचे एकस्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी सिद्ध केलेला भूसुरुंग-शोधक १९४२ मध्ये एल् अलामेनच्या लढाईत वापरला गेला. युद्धानंतर सैन्याचे जादा शोधक नागरिकांच्या हाती आले व दफिने, नाणी यांच्या शोधासाठी उपयोगात येऊ लागले.

शोधकाच्या टोकाशी असलेल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट होणारा) विद्युत् प्रवाह सोडला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आल्यास त्यात आवर्त प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचे स्वतःचे दुय्यम चुंबकीय क्षेत्र ग्राहक वेटोळ्याला जाणवते व त्याचे रूपांतर ध्वनीत होते. सोन्याच्या क्षेत्रांत मात्र एक मोठी अडचण येते. तेथील तांबड्या जमिनीत मॅग्नेटाइट, मॅगहेमाइट इ. चुंबकीय लोह-खनिजे विपुल असतात. त्यांचाही प्रतिसाद मिळत असल्याने लहान पिंडाचा क्षीण संकेत जमिनीच्या गोंगाटात बुडून जातो. याच कारणाने आरंभीचे शोधक व्हिक्टोरियातील जमिनीत फारसे उपयोगी पडले नाहीत.

१९७० नंतर अतिनीच कंप्रतेच्या (३ ते ३० किलोहर्ट्‌झ) शोधकांत जमिनीचा प्रतिसाद वगळण्याची सोय झाली व ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. ॲडलेड येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या माइनलॅब या कंपनीने १९९५ मध्ये स्पंद-प्रवर्तनावर आधारलेला शोधक बाजारात आणला. त्याची रचना ब्रूस कँडी यांची होती. या पद्धतीत वेटोळ्यातील प्रवाह थोड्या थोड्या वेळाने एकदम तोडतात व त्यानंतर आवर्त प्रवाह कसे ओसरतात ते मोजतात. वेगवेगळ्या लांबीचे स्पंद वापरल्याने जमिनीचा व धातूचा प्रतिसाद वेगळा करता येतो. पूर्वी तपासून सोडलेल्या जागीही त्यामुळे अधिक खोलीवरचे पिंड मिळू लागले.

या उपकरणाची मर्यादाही स्पष्ट आहे. आवर्त प्रवाहासाठी धातूचा सलग तुकडा लागतो. चूर्णाच्या ढिगात किलोग्रॅममोजणी सोने असले, तरी ते परस्परांपासून अलग अशा सूक्ष्म कणांच्या रूपात असल्यास शोधक मुका राहतो. याउलट, गोट्यांच्या ढिगातील तांदळाच्या दाण्याएवढा कण काही सेंमी. अंतरावरून कळू शकतो. म्हणून धातुशोधक व सायनाइड हे परस्परपूरक ठरतात एकाचे कार्यक्षेत्र संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते.

नवी सुवर्णधाव : उपकरणातील सुधारणेला सोन्याच्या भाववाढीची जोड मिळाली. एका औंसाला ३५ डॉलर हा अधिकृत दर दीर्घकाळ टिकून होता. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबविले व त्यानंतर भाव वाढत जाऊन जानेवारी १९८० मध्ये तो ८५० डॉलरवर गेला. याच वर्षी २६ सप्टेंबरला व्हिक्टोरियातील किंगोअर या जुन्या सुवर्णक्षेत्रात धातुशोधकाच्या साहाय्याने २७.२ किग्रॅ. वजनाचा पिंड सापडला. तो जमिनीखाली सु. ३० सेंमी. अंतरावर होता. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा पिंड अमेरिकेतील एका जुगारगृहाने दहा लाख डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला. धातुशोधकाने मिळालेला हा सर्वांत मोठा पिंड मानला जातो. या वार्तेनंतर वेडरबर्न, डनॉली, टारनागुला, मेरीबरो, इंगलवुड इ. ओस पडत चाललेल्या गावांभोवती शोधकधारकांची वर्दळ वाढली. बहुसंख्यांना मात्र शिशाच्या गोळ्या, खिळे व डब्यांचे पत्रे यांखेरीज फारसे काही मिळत नाही.

ढीग तपासण्याची रीत : जाणकार शोधक प्रथम ढिगाचा प्रकार ठरवितो. चूर्णाचा ढीग वगळून विहिरीतोंडची माती व धुलाईचे गोटे यांकडे तो लक्ष देतो. विहिरीतून उपसलेल्या मातीत थरांचा क्रम उलटा झालेला असतो. सर्वांत खोलचा थर शेवटी उपसल्याने तो ढिगाच्या माथ्यावर येतो. त्यामुळे माथ्यावर पांढरी चिकणमाती किंवा गुळगुळीत गोटे दिसल्यास विहीर सुवर्णयुक्त थरापर्यंत पोहोचली होती, असे अनुमान करता येते. वेटोळ्याचा पल्ला मर्यादित असल्याने उंच ढिगाचा अंतर्भाग वरून तपासता येत नाही. तो थोडाथोडा ओढून पसरावा लागतो व प्रत्येक पातळ थरावरून वेटोळे सावकाश फिरवावे लागते. संकेत मिळाल्यावर माती दोन भागांत विभागत जाऊन कण वेगळा करतात. लोखंडाचे तुकडे काढण्यासाठी चुंबक वापरतात.

विहिरींची तोंडे झाडोऱ्याने झाकलेली असणे व त्यांच्या कडा ढासळणे हा या कामातील मोठा धोका आहे. बेंडिगो व परिसरातील गारेच्या शिरांत आर्सेनोपायराइट हे आर्सेनिकयुक्त खनिज असल्याने तेथील चूर्णाच्या ढिगांत आर्सेनिकाचे प्रमाण जास्त असते. अशा ढिगांची धूळ श्वासावाटे व हातांवाटे शरीरात जाणे अपायकारक आहे.

कायदा व वारसा : व्हिक्टोरियात भूमीतील सोन्यावर राजसत्तेची मालकी असते. खनिक-अधिकार घेतलेल्या व्यक्तीला खुल्या सरकारी जमिनीवर व मालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर शोध घेता येतो आणि मिळालेले सोने स्वतःकडे ठेवता येते. फक्त हाताने वापरावयाची साधने चालतात व खणलेली जागा पूर्ववत करावी लागते. बहुतेक राष्ट्रीय उद्याने, आदिवासींची सांस्कृतिक स्थळे व संरक्षित पुरातत्त्वीय स्थळे यांवर निर्बंध आहेत. कासलमेन येथील खाणक्षेत्राचे २००२ मध्ये राष्ट्रीय वारसा उद्यान करण्यात आले. तेथे नेमून दिलेल्या भागांतच शोधाला परवानगी आहे.

या निर्बंधांबाबत दोन दृष्टिकोन आढळतात. शोधकधारकांच्या मते, ढीग हे मुळातच फेकून दिलेले द्रव्य होय. त्याची फेरतपासणी हीच सुवर्णक्षेत्राची जुनी परंपरा असून तिच्यामुळे लहान गावांना उत्पन्न मिळते व जुन्या शिशाचा, लोखंडाचा केरही उचलला जातो. पुरातत्त्वज्ञांच्या मते, ढिगाचा आकार, थरांचा क्रम व त्यातील वस्तूंची जागा यांवरून कोणी, कोणत्या साधनाने व किती काळ काम केले हे कळते. ढीग पसरल्यावर ही माहिती कायमची नष्ट होते. फुटके बशीचे तुकडे, बुटाचे खिळे किंवा चिनी नाणे सोन्याच्या दृष्टीने निरुपयोगी असले, तरी ते कोणत्या थरात होते यावरून ढीग पहिल्या धुलाईचा की फेरधुलाईचा हे ठरविता येते. मध्य व्हिक्टोरियाचे मूळ रहिवासी जा जा वुरुंग यांच्या दृष्टीने प्रश्न याहूनही जुना आहे. खाणकामाने ज्यांची भूमीच उलथून टाकली, त्यांचा या संपत्तीच्या वाटणीत कधीच समावेश झाला नव्हता. २०१३ मध्ये राज्य शासनाने त्यांच्याशी करार करून त्यांना या प्रदेशाचे पारंपरिक स्वामी म्हणून मान्यता दिली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. फेरतपासणीला विरोध करावा, तर १८५५ नंतर चिनी गटांनी केलेले कामही त्याच सदरात जाते. परंतु त्या काळी ढीग धुणाऱ्यांनी मागे दुसरा ढीग व नवे बांध ठेवले. धातुशोधकाने तपासलेला ढीग मात्र विस्कटलेल्या मातीखेरीज काही मागे ठेवीत नाही. पिंड पुन्हा तयार होत नसल्याने प्रत्येक नव्या उपकरणाला मिळणारा वाटा कमी होत जातो. म्हणून निवडक ढीग अस्पर्श ठेवून इतरत्र शोधाला मुभा देणे, हा मध्यम मार्ग स्वीकारण्यात आला आहे.

इतर प्रदेश : पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी (१८९२) व कालगुर्ली (१८९३) या क्षेत्रांत पाण्याचे दुर्भिक्ष असल्याने माती वाऱ्यावर उफणून व चाळून सोने वेगळे करीत. या कोरड्या चाळणीच्या कडेला पडलेले गोट्यांचे लहान ढीग धातुशोधकाला विशेष अनुकूल ठरले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १८५३ पासून पाण्याच्या प्रचंड झोताने टेकड्या कोसळवून सोने धुण्याची पद्धत रूढ झाली. तिच्या गाळाने शेती बुडू लागल्यावर १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांच्या निर्णयाने नद्यांत गाळ सोडण्यास मनाई झाली. पुढे १८९८ पासून तेथे तरंगते उत्खनक आले. त्यांतील फिरत्या दंडगोल चाळणीतून न गेलेले सर्व गोटे मागच्या बाजूस फेकले जात व चाळणीच्या छिद्रांहून मोठे पिंडही त्यांबरोबर जात. फेदर नदीकाठच्या अशा ढिगांचा उपयोग १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या ओरोव्हिल धरणाच्या भरावासाठी करण्यात आला.

भारत : भारतातील मोठे अवशिष्ट ढीग कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्रात आहेत. जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० मध्ये तेथे आधुनिक खाणकाम सुरू केले. १९५६ मध्ये म्हैसूर शासनाने खाणी ताब्यात घेतल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली व २००१ मध्ये खाणी बंद झाल्या. गारेच्या शिरांतील धातुक कुटून व त्यावर सायनाइडाची क्रिया करून उरलेल्या चूर्णाचे तेथे १३ ढीग असून त्यांचे वजन सु. ३.३ कोटी टन आहे. कोरड्या वाऱ्यात त्यांची धूळ वस्तीवर पसरते. यांतील सोने अतिसूक्ष्म असल्याने धातुशोधक तेथे निरुपयोगी आहे. रासायनिक क्रियेनेच ते मिळू शकते. ढिगांतून सोने काढण्याच्या केंद्र शासनाच्या प्रस्तावास कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. खाणी बंद झाल्याने निर्वाह गमावलेल्या कामगारवस्तीच्या दृष्टीने धुळीचे निवारण व रोजगार हे या प्रस्तावाचे महत्त्वाचे अंग आहे.

महाराष्ट्रातील झारेकऱ्यांचा परंपरागत व्यवसायही तत्त्वतः याच वर्गात मोडतो. सोनारांच्या दुकानांतील राख व केर आणि लगतच्या गटारांतील गाळ गोळा करून ते तो परातीत पाण्याने धुतात व तळाशी राहिलेले सोन्याचांदीचे कण वेगळे करतात. व्हिक्टोरियातील फेरधुलाईप्रमाणे येथेही हलके द्रव्य वाहून जाऊ देणे व जड कण राखणे हेच तत्त्व असून, एकाने टाकलेल्या मातीवर दुसऱ्याचा निर्वाह चालतो.